एका मण्याची कसर

ऑफिसात त्याला गाठ्या म्हणत. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण शोभण्यासारखं होतं म्हणून चिकटलं. चाळीस माणसांची कंपनी, काम फोनवर खेळायचे खेळ बनवायचं. आजवर बनवले सात, चालला एक. त्या एकाच्या जिवावर चाळीस चुली पेटत होत्या. खेळ मण्यांचा. वरून रंगीत मणी पडतात, आपण ते बोटानं सरकवायचे, एका रंगाचे चार मणी ओळीत आले की त्यांची माळ होते आणि ती नाहीशी होते. ठरलेल्या चालींत ठरलेल्या माळा झाल्या की लेव्हल सुटली, पुढची उघडली. खेळ अगदी फुकट. आणि ज्या खेळावर चाळीस चुली पेटतात तो फुकट कसा, हे ज्याला कळलं त्याला गाठ्याचं काम कळलं म्हणून समजा.

शंभर जण खेळत असतील तर त्यांतले सत्त्याण्णव जन्मात एक पैसा देत नाहीत. उरलेले तीन देतात. सगळा धंदा त्या तिघांचे चार कसे होतील या विवंचनेत असतो, आणि ती विवंचना वाहण्याचा पगार गाठ्याला मिळे. दर चाळीस-पन्नास लेव्हलींनंतर तो एक गाठ मारून ठेवी. तोवर खेळ सोपा, लाडात आणणारा; दर दोन मिनिटांनी शाबासकी, पडद्यावर फुलं. आवळा देऊन कोहळा काढायचा तर आधी आवळा भरपूर चारावा लागतो. मग गाठ.

गाठीची करामत अशी. खेळणाऱ्यानं आजवर एकदाही पैसे दिलेले नसले, की त्या लेव्हलला शेवटच्या तीन चाली उरल्यावर वरून पडणारे मणी नशिबानं पडत नाहीत. जो एक मणी हवा असतो, नेमका तोच येत नाही. माणूस चुकचुकतो, अरेरे, एका मण्यानं गेलं! तेवढ्यात पाटी येते: एका चहाच्या पैशात आणखी पाच चाली. दिले पैसे की हवा तो मणी टपकन पडतो. नाही दिले तर पुन्हा पहिल्यापासून, आणि पुन्हा एका मण्यानं. पाच मण्यांनी हरलेला माणूस खेळ सोडून देतो, एका मण्यानं हरलेला सोडत नाही, हे गाठ्यानं स्वतः शोधून काढलं होतं. आधीच्या गाठी दोन-चार डावांनंतर आपोआप सैल होत; तीनशे चाळिसावीची मात्र पैसे दिल्याशिवाय सुटत नसे, आणि ती त्यानं इतकी बेमालूम मारली, की कंपनीची कमाई एका महिन्यात पाचव्या हिश्शानं वाढली. मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या आणि त्याला खिडकीची खोली दिली. त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची भिंत दिसे, पण खिडकी ती खिडकी.

आता त्याच्या मावशीबद्दल सांगायला हवं. गाठ्या सहा वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून त्याला मावशीनंच वाढवलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. माय मरो पण मावशी उरो म्हणतात, ते त्याच्या बाबतीत शब्दशः खरं झालं. ही मावशी लहान मुलांच्या इस्पितळात औषधांच्या खिडकीवर एकतीस वर्षं काम करत होती. डॉक्टरची चिठ्ठी आली की बाळाचं वजन विचारायचं, वजनावरून मात्रा काढायची, औषध मोजायचं, बाटलीवर सही करायची. मग दुसऱ्या जोडीदारणीनं तेच सगळं पहिल्यापासून तपासून दुसरी सही करायची. दोन सह्यांशिवाय बाटली खिडकीबाहेर जात नसे. एकतीस वर्षांत मावशीच्या हातून एकही चुकीची बाटली दुसऱ्या सहीपर्यंत गेली नव्हती. याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे.

मण्यांचा खेळ तिच्या फोनवर गाठ्यानंच घालून दिला होता. तिची आई, म्हणजे गाठ्याची आजी, शेवटची सहा वर्षं कुणालाच ओळखत नव्हती. साठी जवळ आल्यापासून मावशीला तीच धास्ती. "डोक्याला काहीतरी चाळा हवा रे," ती म्हणाली होती. आणि गाठ्यानं कंपनीच्या जाहिरातीतलं वाक्य जसंच्या तसं तिला ऐकवलं होतं, "हा खेळ, मावशी. रोज खेळलीस की मेंदू तल्लख राहतो." त्याला कुठलाच आधार नव्हता. वाक्य जाहिरातवाल्यांनी एका दुपारी बसून बनवलं होतं.

एका रविवारी तो नेहमीप्रमाणे तिच्याकडे जेवायला गेला. जेवणं झाली, काका आत जाऊन आडवे झाले, आणि मावशी चष्मा पुसत फोन घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसली.

"तीनशे चाळीस काही सुटत नाही बघ मला," ती म्हणाली. "तीनशे एकोणचाळीस लेव्हली फटाफट गेल्या. आता दहा दिवस झाले, एका मण्यानं राहतेय. दर वेळी एका मण्यानं!"

गाठ्यानं पडद्याकडे बघायचं टाळलं.

"तो चहाचा पैसा दे की मग," तो हसत म्हणाला.

"छट्! पैसे देऊन सोडवायचं तर खेळायचं कशाला? तू सांग ना, मी कुठं चुकतेय?"

तिनं त्याच्यासमोर एक डाव खेळून दाखवला. चाली इतक्या अचूक होत्या की ऑफिसात एखाद्यानं तसं खेळून दाखवलं असतं तर गाठ्या चकित झाला असता. शेवटच्या तीन चाली उरल्या. एक निळा मणी हवा होता. हिरवा पडला, लाल पडला, पुन्हा हिरवा पडला. मावशीनं मान हलवली.

त्याच क्षणी सांगायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण खरं सांगायचं तर आपण काय काम करतो ते सांगावं लागलं असतं, आणि ही बाई तर सगळ्या आळीत सांगत फिरते की माझा मुलगा लोकांचा मेंदू तल्लख करणारे खेळ बनवतो. गाठ्या म्हणाला, "जमेल गं. डोकं शांत ठेव आणि खेळ."

घरी जाताना त्यानं मनाची समजूत घातली. त्याच्या तक्त्यात गाठीवर अडकलेल्या माणसाचे दोनच रकाने होते. एक, कंटाळून सोडतो. दोन, पैसे देतो. मावशी पैसे देणार नाही, म्हणजे सोडेल. त्यात काय एवढं?

मावशीनं सोडलं नाही. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्या रविवारी तेच. ती विचारायची, तो "जमेल" म्हणायचा. मग तिनं विचारणंच बंद केलं. ते त्याला बरं वाटलं. गाठ्या आतून काही दुष्ट नव्हता हो, पण भित्रा होता, आणि भित्र्या माणसाला समोरचा गप्प बसला की सुटल्यासारखं वाटतं.

नवव्या आठवड्यात काकांचा फोन आला. काका सहसा फोन करत नाहीत.

"तुझ्या मावशीनं राजीनामा दिला," ते म्हणाले. "महिनाअखेरपर्यंत जाणार, मग बंद. मला विचारलं नाही, सांगितलं. डोकं चालेनासं झालंय म्हणते. आईसारखं होतंय म्हणते. तू ये बाबा, तुझं ऐकेल ती."

तो संध्याकाळीच गेला. मावशी इस्त्री करत होती, इस्पितळाचा पांढरा डगला. त्याच्याकडे न बघता तिनं सगळं सांगितलं, आणि ते ऐकताना गाठ्याची पाचावर धारण बसली.

गेले काही महिने तिनं स्वतःला एक शिस्त लावली होती. सकाळी कामावर जायच्या आधी, बसथांब्यावर, एक लेव्हल खेळायची. सुटली की समजायचं, डोकं जाग्यावर आहे, आज खिडकीवर उभं राहायला हरकत नाही. खेळाला तिनं रोजची परीक्षा केलं होतं. आणि सव्वादोन महिने ती त्या परीक्षेत रोज नापास होत होती. बरं, तिची जोडीदारीण, दुसरी सही करणारी, तिशीतली मुलगी, तीही हाच खेळ खेळायची. ती तीनशे चाळिसावर आली आणि दुसऱ्या डावात पार झाली.

"तिचं डोकं तरुण आहे, सुटणारच," मावशी म्हणाली. "मग मला खिडकीवर भीती वाटायला लागली. एकेक मात्रा चार-चारदा काढायचे. बाहेर रांग, पोरं रडतायत, आयांचे चेहरे उतरलेले. आणि परवा मी शेल्फावरून दुप्पट ताकदीची बाटली उचलली. सही केली. तिनं पकडलं म्हणून."

"एकदा होतं गं असं कुणाच्याही हातून."

"एकतीस वर्षांत झालं नव्हतं." तिनं इस्त्री उभी केली. "आमच्यात एक नियम आहे. शंका आली की हात मागे. आपल्याला आपल्याबद्दल शंका आली, की दुसऱ्यानं सांगायची वाट बघायची नाही, आपण आपलं खिडकीवरून बाजूला व्हायचं. नव्या मुलींना मीच शिकवत आले ना हे? मग मलाच नको लागू?"

 डॉक्टरांना दाखवू, असं तोंडदेखलं म्हणायचीही गाठ्याला हिंमत झाली नाही, कारण दुखणं कुठलं आणि ते कुणी दिलं हे त्याला ठाऊक होतं. मावशी डगल्याची घडी घालत होती, कडेला कड जुळवून. हे काम गेलं तर ती काय करेल, हे त्याला दिसत होतं. घरात बसेल, आणि विसरायची वाट बघेल. किल्ली कुठं ठेवली हे एकदा आठवलं नाही की म्हणेल, बघ, सुरू झालं.

त्याच्या मनात त्या वेळी जे आलं ते सांगायला लेखणी कचरते, पण सांगतो. त्याच्या मनात आलं, न सांगता निस्तरता येईल. निघताना तिचा फोन बघायला म्हणून मागितला आणि पडद्याच्या कोपऱ्यातला तिचा खेळाडू-क्रमांक पाठ केला.

दुसऱ्या दिवशी तो आकडेवालीकडे गेला. ही त्याच्याच कंपनीतली. कोण किती खेळलं, कुठं अडकलं, कुठं वैतागलं याचा सगळा हिशेब तिच्याकडे. तिच्या टेबलावर नेहमी एक अर्धं खाल्लेलं सफरचंद असे.

"एक क्रमांक सैल यादीत टाकशील?" तो म्हणाला. सैल यादी म्हणजे ज्यांना गाठी लागत नाहीत त्यांची. नवे लोक, वार्ताहर, मालकीणबाईंचे ओळखीचे.

आकडेवालीनं क्रमांक घातला आणि शीळ वाजवली. "अगं बाई! एकाच लेव्हलवर दोनशेच्या वर डाव? आणि पैसा एक नाही! ही तर 'पिकत आलेली' मध्ये आहे." ती यादी गाठ्यानंच सुरू केली होती, अजून पैसे दिलेले नाहीत, पण आता देतील अशांची. "आणि वेळ बघ, रोज सकाळी पावणेसात. किती चिवट बाई आहे! कोण ही? तुझी कुणी लागते का?"

"नाही," गाठ्या म्हणाला. "अशीच एक खेळाडू. तक्रार आलीय."

ज्या बाईनं त्याला सहाव्या वर्षापासून जेवू घातलं, जी तापात रात्र रात्र उशाशी बसली, तिला तो अशीच एक खेळाडू म्हणाला, आणि म्हणताना त्याचा आवाजही हलला नाही. हे तेव्हा त्याला जाणवलं नाही. जाणवलं जिन्यावर, आणि मग तो जिन्यावरच उभा राहिला, वरही जावेना, खालीही जावेना. दोघं-तिघं त्याला वळसा घालून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत मावशीचा फोन. "सुटली रे! पहिल्याच डावात! मग तीनशे एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, चारी सुटल्या! बस आली तरी मला कळलं नाही!"

गाठ्याच्या डोक्यावरून ओझं उतरलं. तो चक्क हसला. "बघ! म्हटलं नव्हतं, जमेल म्हणून? आता तो राजीनामा मागे घे."



"नाही रे," मावशी म्हणाली. आवाजातला आनंद कुठल्या कुठं गेला होता. "हेच तर लक्षण आहे. आईचं असंच होतं, तुला आठवत नसेल. मधेच एखादा दिवस असा लख्ख यायचा की आम्हाला वाटायचं, बरी झाली. त्या दिवशी ती गॅस पेटवायला जायची, आणि त्याच दिवशी हात भाजायची. वाईट दिवस परवडला, बाळा. वाईट दिवशी मी सावध असते. अशा चांगल्या दिवशी स्वतःवर विसंबेन आणि कुणाचं तरी मूल मारून बसेन. मी महिनाअखेरपर्यंतसुद्धा थांबत नाही. शुक्रवार शेवटचा, मुख्यांशी आजच बोलते."

फोन बंद झाला. निस्तरायला गेला आणि होतं त्याहून बिघडवून बसला. त्याला स्वतःची किळस आली, आणि पहिल्यांदाच त्या किळसेला त्यानं काही उत्तर शोधलं नाही.

शुक्रवारी दुपारी लॅपटॉप पिशवीत घालून तो इस्पितळात गेला. कंपनीच्या कागदावर त्याची सही होती, की गाठींबद्दल बाहेर अवाक्षर काढणार नाही. त्या सहीची त्याला वाटेत आठवण झाली. मावशीच्या बाटलीवरच्या सहीचीही झाली. औषधांच्या खिडकीसमोर आठ-दहा माणसं, कडेवर मुलं. मावशीनं त्याला काचेतून पाहिलं आणि मागच्या दाराकडे बोट केलं. चहाची वेळ होती. खिडकीच्या मागं कर्मचाऱ्यांची एक चिंचोळी खोली. दोन खुर्च्या, एक बेसिन, भिंतीवर हात कसे धुवावेत याचा तक्ता.

"शेवटचा दिवस बघायला आलास होय?" ती म्हणाली. कप धुऊन तिनं त्याच्यापुढं चहा ठेवला.

"मावशी, तुझं डोकं शाबूत आहे," गाठ्या म्हणाला. "ती लेव्हल तुला सुटणारच नव्हती. तसंच बसवलंय ते."

आणि लॅपटॉप उघडून त्यानं सगळं दाखवलं. कुठल्या चालीपासून मणी अडवतात, कुणाला अडवतात, पाटी कधी येते. बोलताना त्याला स्वतःचंच बोलणं ओळखीचं वाटत होतं. हेच त्यानं सगळ्यांसमोर पडद्यावर दाखवलं होतं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. मावशी चष्मा लावून शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिनं प्रश्न विचारले, चुकीची चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाला विचारावेत तसे, एकेक, आवाज न चढवता.

"म्हणजे मी बरोबर खेळत होते?"

"हो."

"रोज?"

"मी तपासलं. तुझ्या चालींत चूक जवळजवळ नाहीच."

"आणि परवा सुटली ती?"

"ती मी ऑफिसातून सोडवून दिली."

"माझ्या जोडीदारणीला कशी सुटली?"

"तिनं कधीतरी एकदा पैसे दिले असणार."

"हे बसवलं कुणी?"

कंपनीनं, हा शब्द ओठांवर आला होता. खोटाही नव्हता तसा. "मी," गाठ्या म्हणाला.

"मी अडकलेय हे तुला कधी कळलं?"

"तू सांगितलंस त्याच रविवारी."

मावशीनं बोटांवर मोजलं. "म्हणजे आठ रविवार तू माझ्या घरी येऊन जेवलास."

"हो."

तिनं चष्मा काढला, डगल्याच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. धरणीनं पोटात घ्यावं असं माणसं उगीच म्हणत नाहीत, हे गाठ्याला त्या खोलीत कळलं. तिनं एक मुस्काटात मारली असती तर त्यानं तिचे उपकार मानले असते. लहानपणी चांगली मारायची.

"बस इथंच," असं म्हणून ती उठली आणि शेजारच्या खोलीत गेली. मधली भिंत पुठ्ठ्याची. औषध विभागाच्या मुख्यांचा आवाज आधी गोंधळलेला, मग आनंदी. राजीनामा मागे? वा, वा, अहो मी तर अजून वर पाठवलाच नव्हता! पण असं एकदम झालं काय? आणि मावशीचा आवाज, नेहमीचा: "काही नाही हो, माझाच गैरसमज झाला होता. वय झालं की माणूस काहीही मनात घेतं." मुख्य हसले. तीही हसली.

भिंतीच्या या बाजूला गाठ्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यानं मान ताठ ठेवून चालावं म्हणून ती बाई स्वतःकडे मूर्खपणा घेत होती, आणि तेही त्याचं नाव न घेता.

ती परत आली तेव्हा चहा गार झाला होता. तिनं तो बेसिनमध्ये ओतला.

"मी नोकरी सोडू का?" त्यानं विचारलं.

"ते मला विचारू नकोस. चाळिशीचा आहेस." ती समोर बसली. "किती माणसं आहेत रे अशी? आत्ता, त्या गाठीवर?"

"सहा लाख. सकाळी बघितलं तेव्हा."

 मावशीचे ओठ हलले. बहुधा ती सहा लाख हा आकडा मनात मांडून बघत होती, तिला मोठ्या मात्रांची सवय नव्हती. मग ती म्हणाली, "तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. काकांनाही नाही. महिन्यापूर्वी मी इथल्याच मेंदूच्या डॉक्टरांकडून तपासून घेतलं होतं. दोन तास घेतले त्यांनी. चित्रं, आकडे, उलटं मोजायला लावलं, सगळं. म्हणाले, बाई, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे."

गाठ्यानं मान वर केली. "मग? तरी राजीनामा दिलास?"

"मी म्हटलं, डॉक्टर ओळखीतले आहेत, एकतीस वर्षं एका छताखाली काम केलंय, मन राखायला बोलत असतील. खेळ काही मन राखणार नाही." तिनं टेबलावरचा लॅपटॉप हळूच मिटला. "आणि खेळ तर तू केलेला. तू कशाला मला खोटं सांगशील?"

खिडकीवरची घंटी वाजली. मावशी उठली, हात धुतले, तक्त्यावर दाखवलेत तसे, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, आणि दार ओढून घेऊन खिडकीवर गेली. पातळ भिंतीतून तिचा आवाज येत होता. बाळाचं वजन किती? आज केलंय की मागचं सांगताय? बरं, मग आधी करून घ्या, तोवर मी थांबते.

गाठ्यानं पिशवी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. मागच्या दारानं निघालं तरी बाहेर पडायची वाट त्या खिडकीसमोरूनच होती. तो बराच वेळ उठला नाही.